जॉब घेऊन बेंगळुरूला: इमटेक्सला पहिल्यांदा निघालेल्या नाशिककरांसाठी

सातपूर, अंबड किंवा सिन्नरच्या गाळ्यात दोन टर्निंग सेंटर (संगणकावर चालणारे लेथ) आणि एखादी व्हीएमसी (संगणकावर चालणारं उभं मिलिंग मशीन) चालवणाऱ्या माणसाला जानेवारी जवळ आला की विक्रेत्यांचे मेसेज सुरू होतात. ‘सर, इमटेक्सला भेटू.’ इमटेक्स म्हणजे बेंगळुरूला भरणारं, धातूकामाच्या मशीनचं मोठं प्रदर्शन. जावं की नाही, गेलो तर नक्की काय करायचं, आणि चार दिवस गाळा कोण बघणार? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. पहिल्या दोनांसाठी हा लेख आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. मशीन बघायला जाऊ नका. मशीन बघायला यूट्यूब पुरतं. आपल्या गाळ्यातला एक अडलेला जॉब, म्हणजे मशीनवर करायचा पार्ट, घेऊन जा आणि तो जॉब घेऊन स्टॉलवर फिरा. तसं केलं तर विक्रेत्याला तुमच्याशी माहितीपत्रकापलीकडचं बोलावं लागतं.

आधी वर्ष बघा

इमटेक्स हे इंडियन मशीन टूल मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन या संघटनेचं प्रदर्शन आहे. १९६९ पासून ते भरतंय. २००७ पासून ते बेंगळुरूला, संघटनेच्या स्वतःच्या प्रदर्शन केंद्रात भरतं. त्या केंद्राला सगळे ‘बीआयईसी’ म्हणतात. बहुतेक वेळा ते जानेवारीच्या उत्तरार्धात असतं.

नवख्याला हमखास चकवणारी गोष्ट म्हणजे दर वर्षीचं प्रदर्शन एकसारखं नसतं. विषम वर्षी मेटल कटिंगचं मोठं प्रदर्शन असतं: लेथ, व्हीएमसी, एचएमसी (आडवं मिलिंग मशीन), ग्राइंडिंग, गिअर कटिंग. सम वर्षी फॉर्मिंगचं असतं: प्रेस, प्रेस ब्रेक, लेझर कटिंग, बेंडिंग. तुम्हाला पाच अक्षांचं मशीन बघायचं असेल आणि तुम्ही सम वर्षी तिकीट काढलंत, तर शीट मेटलवाल्या मित्राची सहल होईल, तुमची नाही. उलट, अंबडमध्ये स्विचगिअरचे पॅनल आणि एन्क्लोजर करणाऱ्यांनी सम वर्षच धरावं. टूलिंग आणि डिजिटल मॅन्युफॅक्चरिंगचे हॉल जोडीला असतात, तो दोघांसाठी बोनस.

निघण्याआधीचा महिना

खरं काम इथे आहे. प्रवास त्यामानाने सोपा.

गाळ्यातले दोन किंवा तीन जॉब निवडा, जास्त नकोत. निवडताना निकष असा ठेवा: ज्यात रिजेक्शन जास्त आहे, ज्यात तीन सेटअप लागतात (पार्ट मशीनवर तीनदा बांधावा लागतो), किंवा ज्याची ऑर्डर वाढतेय आणि आपली क्षमता संपलीय. प्रत्येक जॉबसाठी एका कागदावर लिहा: मटेरियल, आजचा सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ), सेटअप किती, सगळ्यात अवघड टॉलरन्स (मापात चालणारा फरक) कोणता, महिन्याची संख्या, आणि आता तो कोणत्या मशीनवर चालतो. हा कागद सेटरला, म्हणजे मशीन लावून देणाऱ्या कारागिराला, समोर बसवून लिहा. शेठला माहीत असलेला सायकल टाइम आणि मशीनवरचा खरा सायकल टाइम यांत बऱ्याचदा चांगलंच अंतर निघतं.

आता ड्रॉइंग. नाशिकचे बहुतेक जॉबवर्कवाले मोठ्या वाहन किंवा विद्युत कंपन्यांचे पुरवठादार आहेत. ते ड्रॉइंग तुमचं नसतं, गिऱ्हाइकाचं असतं, आणि अनेकदा गोपनीयतेच्या करारावर तुमची सही असते. त्यामुळे गिऱ्हाइकाची परवानगी घ्या. नाही मिळाली तर टायटल ब्लॉक, पार्ट नंबर आणि कंपनीचं नाव काढून, नेमकं अडलेलं फीचर तेवढं दाखवणारं स्केच करा. बोअर (पार्टमधलं भोक) आणि त्याची टॉलरन्स कळली की टूलिंगवाल्याला पुरतं. त्याला तो पार्ट कोणत्या गाडीत बसतो हे कळायची गरज नाही.

मग प्रदर्शकांची यादी. प्रदर्शनाच्या संकेतस्थळावर ती हॉल आणि स्टॉल क्रमांकासह मिळते. त्यातून दोन याद्या करा. पहिल्या यादीत ज्यांच्याशी बसून बोलायचंच आहे असे आठ-दहा, दुसरीत वेळ उरला तर जायचे. पहिल्या यादीतल्यांना आधीच मेल करा, शक्यतो त्यांच्या नाशिक किंवा पुण्याच्या प्रतिनिधीला. ‘अमुक दिवशी सकाळी येतो, हा जॉब आहे, अ‍ॅप्लिकेशन इंजिनिअर हवा.’ हे शेवटचे तीन शब्द विसरू नका. स्टॉलवर पुढे उभा असतो तो विक्रीवाला. ज्याला खरं उत्तर माहीत असतं, तो आत बसून चहा पीत असतो किंवा मशीनच्या मागे पॅनल उघडून उभा असतो.

सोबत कोणाला न्यायचं? माझं मत ठाम आहे: सेटरला न्या. मेहुण्याला पुढच्या वेळी. जो रोज मशीनला ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) देतो, त्याला समोरचं फिक्स्चर (पार्ट पकडणारी चौकट) बघून दोन मिनिटांत कळतं की हे आपल्याकडे चालेल की नाही. शिवाय उद्या मशीन आलं तर ते चालवायचं त्यालाच आहे. आज त्याने पसंत केलेलं मशीन उद्या तो जास्त मनापासून चालवेल.

नोंदणी ऑनलाइन करून बॅजचा क्यूआर कोड फोनमध्ये ठेवा, आणि एक प्रिंटही. गेटवर नोंदणी करणाऱ्यांच्या रांगेत पहिल्या सकाळचा चांगला वेळ जातो. हे व्यापारी प्रदर्शन आहे, त्यामुळे मुलंबाळं घेऊन जाण्याचा विचारच नको.

दिवस निवडताना पहिला आणि शेवटचा टाळा. पहिल्या दिवशी उद्घाटन आणि पाहुणे असतात. शेवटच्या दिवशी दुपारपासूनच स्टॉलवाल्यांचं लक्ष खोकी भरण्याकडे लागतं. शनिवार-रविवारी गर्दी जास्त असते. आठवड्यातला मधला कामाचा दिवस उत्तम, आणि सलग दोन मिळाले तर अजून चांगलं. प्रदर्शन २६ जानेवारीच्या आसपास आलं, तर सुट्टीवाल्यांमुळे विमान आणि रेल्वेची तिकिटं लवकर संपतात. तारखा जाहीर झाल्या की तिकीट काढून टाका.

नाशिकहून कसं जायचं

अंतर हजार किलोमीटरच्या वर आहे. चार रस्ते आहेत, आणि कोणता घ्यायचा हे तुमच्या पाठीच्या कण्यावर अवलंबून आहे.

ओझरहून थेट विमान त्या मोसमात चालू असेल तर डोळे झाकून घ्या. मात्र वेळापत्रक बदलत असतं, म्हणून मित्राच्या मागच्या वर्षीच्या अनुभवावर विसंबू नका. थेट नसेल तर मुंबई किंवा पुण्याहून. मुंबईहून पहाटेचं विमान घेतलंत, तर आदली रात्र मुंबईच्या वाटेवर जाते हेही हिशेबात धरा. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाल्यापासून कसारा घाटाची धास्ती कमी झालीय. पण आमण्यापासून पुढे विमानतळापर्यंतची भिवंडी-ठाण्याची कोंडी आहे तिथेच आहे.

विमानाने जाणाऱ्यांनी बॅग भरताना लक्ष द्या. धारदार कडांचा मेटल जॉब, व्हर्निअर, मायक्रोमीटर, टूलहोल्डर, इन्सर्ट (टूलच्या टोकाचा बदलता येणारा कापणारा तुकडा) हे सगळं चेक-इन बॅगेत. केबिन बॅगेत ठेवलंत तर सुरक्षा तपासणीत अडकाल, आणि ज्यासाठी निघालात तोच जॉब मागे ठेवावा लागेल. पॉवर बँकेचं नेमकं उलट: ती केबिनमध्येच, चेक-इनला चालत नाही. देशांतर्गत साध्या तिकिटावर चेक-इन साधारण १५ किलो असतं, म्हणून कास्टिंगचा मोठा जॉब असेल तर त्याचे फोटो आणि कापलेला एक तुकडा न्या.

रेल्वेने जायचं तर मनमाड गाठा. दिल्लीहून येणारी कर्नाटक एक्स्प्रेस मनमाडहून अहिल्यानगर, दौंड, सोलापूर असं करत बेंगळुरूला जाते. नाशिकरोडला ती येत नाही. प्रवास जवळपास वीस तासांचा. मुंबईची उद्यान एक्स्प्रेस पुण्याहून पकडता येते. सेटर सोबत असेल तर रेल्वेसारखी जागा नाही. बर्थवर बसून जॉबचे कागद पुन्हा एकदा नीट बघून होतात.

खासगी स्लीपर बसचा एक फायदा मात्र फार जणांच्या लक्षात येत नाही. पुण्याकडून जाणारा महामार्ग नेलमंगलावरून तुमकुरू रोडने बेंगळुरूत शिरतो, आणि बीआयईसी त्याच रस्त्यावर, मादावरला, शहराच्या अलीकडे आहे. म्हणजे बस शहराच्या गर्दीत घुसण्याआधीच तुमच्या ठिकाणावरून जाते. मुक्काम त्या बाजूला असेल तर चालकाला आदल्या रात्रीच सांगून ठेवा आणि दासरहळ्ळी किंवा पीण्याच्या आसपास उतरा. शहराच्या मध्यातल्या मॅजेस्टिक बसस्थानकापर्यंत जाऊन उलटं यायची गरज नाही.

स्वतःची गाडी? नको. बेंगळुरूच्या ट्रॅफिकबद्दल जे ऐकलंय ते खरं आहे.

मुक्काम हिरव्या लाइनवर

बेंगळुरूत हॉटेल शोधताना एकच नकाशा उघडा, नम्म मेट्रोचा. ७ नोव्हेंबर २०२४ ला ग्रीन लाइन नागसंद्रपासून मादावरपर्यंत वाढली आणि प्रदर्शनाला जाणाऱ्यांचं आयुष्य बदललं. मादावर हे शेवटचं स्टेशन बीआयईसीला लागूनच आहे. त्याआधी नागसंद्रला उतरून बस किंवा रिक्षा शोधायला लागायची आणि तुमकुरू रोडच्या रांगेत तास जायचा. मॅजेस्टिकहून मेट्रोने पाऊण तासाच्या आत तुम्ही गेटवर असता.

म्हणून यशवंतपूर, राजाजीनगर, मल्लेश्वरम, जालहळ्ळी, पीण्या, दासरहळ्ळी या पट्ट्यात राहा. हॉटेल स्टेशनपासून चालत पाच-दहा मिनिटांवर असावं. व्हाइटफील्ड किंवा इलेक्ट्रॉनिक सिटीतलं हॉटेल स्वस्त दिसलं आणि ‘बेंगळुरूच आहे ना’ म्हणून बुक केलं, तर रोजचे कित्येक तास प्रवासात गेले म्हणून समजा. प्रदर्शनाच्या आठवड्यात या भागातले दर चढतात, त्यामुळे हॉटेलही तिकिटासोबतच बुक करा आणि रद्द करता येणारं घ्या.

विमानतळ देवनहळ्ळीला, शहराच्या उत्तरेला बराच लांब. तिथून ‘वायु वज्र’ या एसी बसगाड्या सुटतात. त्यातली केआयए-९ मॅजेस्टिकला जाते. तिथून ग्रीन लाइन. टॅक्सीने थेट यशवंतपूरला जाता येतं, पण संध्याकाळी हेब्बाळच्या चौकात अडकण्याची तयारी ठेवा. रेल्वेने आलात तर केएसआर स्टेशनला लागून पर्पल लाइनचं स्टेशन आहे, पुढचं मॅजेस्टिक, तिथे ग्रीन लाइनला बदला. मेट्रोचं तिकीट फोनवरच क्यूआरने काढा, खिडकीवर उभं राहू नका. रिक्षा लागली तर ‘नम्म यात्री’ हे अ‍ॅप आधीच डाउनलोड करून ठेवा.

कपड्यांबद्दल फार लिहीत नाही. निफाडच्या थंडीत वाढलेल्या माणसाला बेंगळुरूचा जानेवारी म्हणजे सकाळी पातळ स्वेटर आणि दुपारी अर्ध्या बाह्या. बूट मात्र जुने, पायाला सरावलेले हवेत. हॉल मोठे आहेत आणि फरशी काँक्रीटची आहे.

हॉलमध्ये

गेट उघडायच्या वेळेला मादावरला उतरा. पहिले दोन तास सर्वात मोलाचे, कारण तेव्हा इंजिनिअर ताजे असतात आणि स्टॉल रिकामे असतात. या वेळेत पहिल्या यादीतल्या मशीनवाल्यांकडे जा. टूलिंग, मोजमापाची उपकरणं, सॉफ्टवेअर दुपारनंतर. जेवण बाराला किंवा अडीचला. एक ते दोन या वेळेत खाण्याच्या ठिकाणी रांगा असतात आणि त्याच वेळी स्टॉल मोकळे असतात.

स्टॉलवर मशीन चालू असतं, काचेमागे चिप उडत असतात, लोक मोबाइलवर व्हिडिओ काढत असतात. पहिला प्रश्न विचारा: हे मटेरियल कोणतं? बहुतेकदा अ‍ॅल्युमिनियम असतं. अ‍ॅल्युमिनियम कापताना कोणतंही मशीन देखणं दिसतं. तुमचा जॉब ईएन ८ पोलादाचा, एसजी आयर्न या ओतीव लोखंडाचा किंवा एसएस ३०४ स्टेनलेसचा असेल, तर तिथला वेग तुमच्या काही कामाचा नाही. मग आपला कागद पुढे करा आणि म्हणा, या जॉबची टाइम स्टडी (कोणत्या कामाला किती वेळ लागेल त्याचा हिशेब) मला लिहून पाठवा. तोंडी आकडा घेऊ नका.

माहितीपत्रकातल्या दोन आकड्यांकडे सेटरला खास लक्ष द्यायला सांगा. एक, टूल बदलण्याचा वेळ. मोठ्या अक्षरात लिहिलेला असतो तो ‘टूल टू टूल’, म्हणजे फक्त हात फिरण्याचा वेळ. तुम्हाला हवा तो ‘चिप टू चिप’, एका टूलचं कटिंग थांबल्यापासून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंतचा. दोन, पोझिशनिंगची अचूकता. ती आयएसओ २३०-२ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे आहे, जर्मन व्हीडीआय प्रमाणे की जपानी जेआयएस प्रमाणे, हे विचारा. एकच मशीन वेगवेगळ्या मानकांवर मोजलं की वेगवेगळे आकडे येतात, आणि जेआयएसचा आकडा सहसा जास्त गोंडस दिसतो. वेगळ्या मानकांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणं म्हणजे फुटाची पट्टी आणि सेंटीमीटरची पट्टी जुळवत बसणं.

यानंतरचे प्रश्न मशीनपेक्षा गाळ्याचे आहेत, आणि पैसे नेमके इथेच निसटतात. कनेक्टेड लोड किती केव्हीए? महावितरणकडे लोड वाढवावा लागेल का, स्टॅबिलायझर वेगळा घ्यावा लागेल का? हवा किती बारने आणि किती लागते, सध्याचा कॉम्प्रेसर पुरेल का? मशीनचं वजन आणि उंची किती? सातपूरच्या जुन्या गाळ्यांचे दरवाजे आणि गल्ल्या डोळ्यासमोर आणा, हायड्रा क्रेन आत वळेल का ते बघा. फाउंडेशन वेगळं करायचं का? चिप कन्व्हेअर, टूल, फिक्स्चर, ट्रेनिंग किमतीत धरलंय की वेगळं? त्यावर १८ टक्के जीएसटी. त्याचं क्रेडिट मिळतं हे खरं, पण पैसे आधी तुमच्या खिशातून जातात.

सर्व्हिसबद्दल विचारताना ‘तुमची सर्व्हिस चांगली आहे का’ असं विचारू नका. कोण नाही म्हणेल? विचारा, नाशिकमध्ये राहणारे सर्व्हिस इंजिनिअर किती? स्पिंडलचं बेअरिंग किंवा सर्व्हो ड्राइव्ह गेला तर सुटा भाग कुठल्या गोदामातून येतो? शेवटी नाशिकमधल्या दोन गिऱ्हाइकांची नावं मागा. ही नावं पुढे लागणार आहेत.

प्रदर्शनातली ‘खास किंमत’ ऐकाल. ‘आज बुकिंग केलं तर’ हेही ऐकाल. स्टॉलवर टोकन देऊ नका. किंमत किती दिवस लागू आहे ते क्वोटेशनवर लिहून घ्या आणि हसून पुढे चला. वित्तसंस्थांचेही स्टॉल असतात. त्यांना व्याजदर फ्लॅट आहे की घटत्या शिलकीवर, एवढा एकच प्रश्न विचारला तरी बोलण्याचा सूर बदलतो.

दोन बारीकसारीक गोष्टी. कार्डावर नेहमीचा मोबाइल नंबर देऊ नका, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा वेगळा नंबर ठेवा, नाहीतर फेब्रुवारीभर फोन थांबणार नाहीत. आणि माहितीपत्रकं गोळा करू नका. पिशव्या भरतात, खांदे दुखतात, आणि घरी आल्यावर ती रद्दीत जातात. क्यूआर स्कॅन करून पीडीएफ घ्या. मिळालेल्या प्रत्येक कार्डाच्या मागे तिथेच उभं राहून दोन शब्द लिहा, ‘बोअरचा प्रश्न, मेल करणार’ असे. दहा स्टॉलनंतर सगळे निळ्या कोटातले सारखेच दिसतात.

संध्याकाळी

हॉटेलवर पोहोचलात की आधी जेवण. दर्शिनीत उभ्याने इडली-वडा खायला लाज वाटू देऊ नका, अख्खं शहर तसंच खातं. थोडी हौस असेल तर ग्रीन लाइनवर संपिगे रोडला उतरा आणि मल्लेश्वरममधल्या सीटीआरचा बेण्णे डोसा खा. रांग असते, पण पुढे सरकते. मिसळ शोधू नका, निराश व्हाल.

जेवणानंतर सेटरसोबत एक तास बसा. एका कागदावर तीन रकाने: मशीन किंवा टूल, आपल्या जॉबला ते काय देतं, काय विचारायचं राहिलं. तिसऱ्या रकान्यात जे उरेल तो दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम. हा तास टाळून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोकळं फिरणारे पुष्कळ दिसतात. त्यांना दोन दिवसांनंतर आठवतो तो फक्त रोबोट, कारण तो हात हलवत होता.

बेंगळुरूचा खर्च एकदम झेपणार नाही असं वाटत असेल, तर आधी मुंबईत गोरेगावच्या नेस्को मैदानावर किंवा पुण्यात मोशीला भरणाऱ्या एखाद्या छोट्या औद्योगिक प्रदर्शनात याच पद्धतीचा सराव करा. नेस्कोला एका दिवसात जाऊन येता येतं. नाशिकरोडहून पंचवटी पकडा आणि दादरपर्यंत न जाता ठाण्याला उतरा. लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो-१ ने वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे स्टेशन, पुलावरून चालत गुंदवली, आणि मेट्रो-७ ने गोरेगाव पूर्व. संध्याकाळी परतीची पंचवटी पकडायची तर हॉलमधून चार-सव्वाचारलाच निघा, कितीही रंगलेलं बोलणं असो.

परतल्यावर

आल्या आल्या गाळ्यात आग विझवायचं काम असतंच. तरी पहिल्या आठवड्यात तीनच जणांना मेल करा, ज्यांच्याकडून टाइम स्टडी किंवा ट्रायल हवी आहे त्यांना. जॉबचा कागद पुन्हा जोडा, कारण त्यांच्याकडेही शेकडो कार्डं पडलेली असतात. टूलिंगवाल्यांना ट्रायल इन्सर्ट मागायला संकोच करू नका, ते देतात. नवं मशीन न घेता फक्त इन्सर्ट आणि पॅरामीटर बदलून रिजेक्शन कमी झालं, तर तेही प्रदर्शनाचंच फळ आहे आणि त्याला कर्ज लागत नाही.

मशीनचं क्वोटेशन आलं की ती दोन नावं काढा. त्या गाळ्यात जा, शक्यतो दुसऱ्या पाळीत, मालक नसताना आणि सेटर मोकळा असताना. मशीन किती वेळा बंद पडलं हे विचारू नका. शेवटचं कधी बंद पडलं, कोण आलं आणि किती तासांनी आलं, एवढंच विचारा.